हेड बदललं तरी तडा त्याच जागी: सिम्युलेशन ‘सगळं ठीक’ सांगतं तेव्हा काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. डिझेल इंजिनाच्या सिलिंडर हेडला एक्झॉस्ट वॉल्व आणि इंजेक्टरचं भोक यांच्यामधल्या अरुंद पट्टीत तडा जातो. हेड बदलतात, गॅस्केट नवं टाकतात, रेडिएटर साफ करतात. काही महिने इंजिन बिनतक्रार चालतं आणि मग पुन्हा त्याच सिलिंडरला, त्याच पट्टीत तडा. आता कोणीतरी संगणकावर सिम्युलेशन करून घ्यायला सांगतं. रंगीत चित्र येतं: पट्टीचं तापमान ३४० अंश सेल्सिअस, आणि ग्रे कास्ट आयर्नसाठी धरली जाणारी मर्यादा ४०० च्या आसपास. अहवालात लिहिलं जातं, ‘तापमान मर्यादेत आहे, कास्टिंगचा दर्जा तपासावा.’ फौंड्री सांगते कास्टिंग ठीक आहे. आणि घोडं तिथेच अडतं.

अशा अहवालात सहसा दोन दोष असतात. एक म्हणजे ३४० हा आकडाच कच्चा असतो. दुसरा जास्त महत्त्वाचा: आकडा खरा असला तरी तडा का गेला हे कमाल तापमानावरून कळतच नाही. हे दोन्ही दोष कसे शोधायचे ते खाली सांगतो. सॉफ्टवेअर अ‍ॅन्सिस असो, अबॅकस असो की फुकट मिळणारी ओपनफोम-कॅल्क्युलिक्सची जोडी, त्याने फारसा फरक पडत नाही.

संगणक उघडण्याआधी तुटलेलं हेड बघा

हे काम बहुतेक वेळा राहून जातं, कारण सिम्युलेशन करणाऱ्याच्या हातात थ्रीडी मॉडेल असतं आणि तुटलेलं हेड भंगारात गेलेलं असतं. ते परत मागवा. तडा गेलेल्या जागी हेड कापा आणि तड्याचा उगम कोणत्या बाजूला आहे ते आधी ठरवा.

तडा ज्वालेच्या बाजूने सुरू झाला असेल, आजूबाजूला आणखी बारीक बारीक चिरा असतील आणि तड्याची आतली भिंत काळपट, ऑक्साइडने भरलेली असेल, तर तो हळूहळू वाढत गेलेला औष्णिक थकव्याचा तडा आहे. इंजिन तापणं-थंड होणं या प्रत्येक फेऱ्यात तो थोडा थोडा पुढे सरकला. उगम पाण्याच्या बाजूला, वॉटर जॅकेटच्या (हेडमधल्या पाण्याच्या पोकळीच्या) आतल्या कोपऱ्यात असेल आणि तुटलेल्या पृष्ठभागावर एकामागून एक वळ्या दिसत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे मुख्य गुन्हेगार ज्वलनाचा दाब असतो. दर सिलिंडरला क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा बसणारा धक्का. अशा तड्यावर तापमान दहा-वीस अंशांनी कमी करून फारसा फायदा होत नाही, कोपऱ्याची त्रिज्या वाढवावी लागते. तिसरी शक्यता, इंजिन एकदाच पाण्याविना तापून वाकलं. तेव्हा तड्यासोबत हेडची सपाटी गेलेली आणि गॅस्केट एका बाजूने करपलेलं सापडतं. ती एका दिवसाची दुर्घटना असते. तिच्यासाठी मॉडेल चालवण्यापेक्षा पंप, बेल्ट आणि कूलंटची गळती बघा.

कापलेल्या हेडचा आणखी एक उपयोग आहे. वॉल्वच्या मधून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेची रुंदी कॅलिपरने मोजा आणि ड्रॉइंगशी ताडून पाहा. ओतकामात कोअर (पोकळी राखणारा वाळूचा ठोकळा) बारीक किंवा वेडावाकडा निघाला की ६ मिलिमीटरची वाट ४ ची होते आणि बाजूची भिंत तेवढीच जाड होते. मॉडेलमध्ये मात्र ती ६ चीच असते. कास्टिंगमध्ये राहिलेली वाळू किंवा फिन (धातूची पातळ फाजील कड) तिथे अडकलेली असेल तर तीही याच वेळी सापडते. तडा नेहमी एकाच सिलिंडरला जात असेल तर मी सगळ्यात आधी इथेच बघतो.

३४० अंशांना तडा का जातो

पट्टी ३४० ला, आणि तिच्याभोवतीचा जाड, पाण्याने थंड राहिलेला भाग १४० ला. पट्टीला फुगायचं असतं, भोवतालचं लोखंड फुगू देत नाही. हिशोब सरळ आहे. ग्रे कास्ट आयर्नचं लवचिकता मापांक सुमारे ११० गिगापास्कल, प्रसरण दर अंशाला सुमारे ११ दशलक्षांश. पट्टी पूर्ण जखडलेली धरली तर दर अंशाच्या फरकाला सुमारे १.२ मेगापास्कल ताण येतो. २०० अंशांच्या फरकाला सुमारे २४०. प्रत्यक्षात पट्टी पूर्ण जखडलेली नसते, पण दिशा कळते. गरम असताना हा ताण दाबाचा असतो आणि कास्ट आयर्न दाब भरपूर सोसतं. घोटाळा पुढे आहे. पूर्ण लोडवर तासन्‌तास चालताना तापलेलं लोखंड त्या दाबाखाली थोडं कायमचं दबतं, ताण सैल होतो. इंजिन थंड झालं की तीच पट्टी आता मूळ लांबीपेक्षा आखूड असते आणि भोवतालचं लोखंड तिला खेचून धरतं. आता ताण ओढीचा, आणि ओढीला कास्ट आयर्न कमकुवत. तडा गरम इंजिनात वाढत नाही, थंड होताना वाढतो.

म्हणून फक्त लवचिक मॉडेल चालवलं तर ही गोष्ट कधीच दिसणार नाही. लवचिक मॉडेलमध्ये इंजिन थंड झालं की ताण शून्यावर परत येतो. तुम्हाला लागतं तापमानानुसार बदलणारं, कायमचा आकारबदल आणि रांगणं (क्रीप, म्हणजे तापलेल्या धातूचं ताणाखाली हळूहळू आकार बदलणं) दाखवणारं मटेरियल मॉडेल. ग्रे आयर्नला ओढीत आणि दाबात वेगवेगळी ताकद द्यायची सोय मोठ्या पॅकेजमध्ये असते, ती वापरा. आणि एकच फेरा चालवून थांबू नका. आधी बोल्टचा ताण, वॉल्व सीटची घट्ट बसवणी आणि इंजेक्टरचा क्लॅम्प; मग गरम, थंड, पुन्हा गरम, पुन्हा थंड, ताण आणि विकृती (लांबीतला सापेक्ष बदल) यांच्या आलेखावरचा वेटोळा स्थिर होईपर्यंत. सहसा दोन-तीन फेऱ्यांत होतो. मग त्या वेटोळ्याची रुंदी, म्हणजे दर फेऱ्यात होणारी कायमची विकृती मोजा. कॉफिन आणि मॅन्सन यांनी १९५० च्या दशकात मांडलेला नियम इथे अजून चालतो: ही विकृती निम्मी केली तर आयुष्य साधारण ३ ते ४ पट होतं. अहवालात तापमानाच्या नकाशापेक्षा हा नकाशा हवा. सर्वात जास्त तापमानाची जागा आणि सर्वात जास्त विकृतीची जागा अनेकदा वेगळी निघते, आणि तडा विकृतीच्या जागी असतो.

ज्वालेच्या बाजूचा आकडा: सरासरी कशी काढली ते विचारा

सिलिंडरमधल्या वायूचं तापमान ज्वलनाच्या वेळी २००० अंशांच्या वर जातं आणि सेवनाच्या वेळी शंभरच्या आसपास उतरतं. धातूला हे चढउतार फार आतपर्यंत कळत नाहीत. १८०० आरपीएमला चारस्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये सेकंदाला १५ ज्वलनं होतात. या वेगाला तापमानाची लाट कास्ट आयर्नमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास विरून जाते. म्हणून धातूसाठी सरासरी आकडा द्यायला हरकत नाही. पण कोणती सरासरी?

उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. फेऱ्याच्या १५ टक्के वेळात वायू १६०० अंशांना आणि हीट ट्रान्सफर कोएफिशियंट (दर अंशाच्या फरकाला भिंतीत किती उष्णता शिरते तो आकडा) २०००. उरलेल्या ८५ टक्क्यांत ४०० अंश आणि २५०. कोएफिशियंटची सरासरी ५१२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. तापमानाची नुसती वेळेवरची सरासरी काढली तर ५८० अंश येतात. पण वायू तापलेला असतो तेव्हाच तो भिंतीला जोरात उष्णता देतो, म्हणून प्रत्येक क्षणाच्या तापमानाला त्या क्षणाच्या कोएफिशियंटने भारित करावं लागतं. तसं केलं की ११०० येतात. भिंत ३०० ला धरली तर चुकीच्या सरासरीने भिंतीत जाणारी उष्णता खऱ्याच्या जवळपास एक तृतीयांश निघते. ‘मॉडेल थंड येतंय’ म्हणून लोक मग कोएफिशियंट हाताने वाढवत बसतात, आकडा जुळतो, आणि चूक तशीच आत राहते. पुढच्या वेळी लोड बदलला की सगळं पुन्हा विसंगत.

या कोएफिशियंटसाठी वोश्नीचं १९६७ चं सूत्र किंवा होहेनबर्गचं १९७९ चं, दोन्ही अजून वापरात आहेत आणि सिलिंडरच्या सरासरीसाठी ठीक आहेत. पण ती संपूर्ण छताला (हेडच्या ज्वालेकडच्या भिंतीला) एकच आकडा देतात. डिझेलचा फवारा जिथे जवळ येतो तिथे आणि एक्झॉस्ट पोर्टच्या आत उष्णता बरीच जास्त असते. एक्झॉस्ट पोर्टला वेगळी बाउंडरी कंडिशन (पृष्ठभागावर धरलेलं तापमान आणि कोएफिशियंट) न देता ते छताबरोबर ‘धरून’ टाकणं ही मला सर्रास दिसणारी गोष्ट आहे. पट्टीला तर दोन्हीकडून ताप असतो.

पाण्याची बाजू

माझ्या मते नेहमी परत येणाऱ्या तड्यांचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं, आणि मॉडेल इथेच सगळ्यात ढिलं असतं. अनेक जण संपूर्ण वॉटर जॅकेटला ९० अंश आणि एकच कोएफिशियंट देऊन मोकळे होतात. पण जॅकेटमध्ये पाणी सगळीकडे सारखं धावत नाही. गॅस्केटमधली भोकं कोणत्या सिलिंडरला किती पाणी द्यायचं ते ठरवतात, पंपापासून दूरच्या सिलिंडरकडे वेग वेगळा असतो, आणि पट्टीतली अरुंद वाट हा सगळ्यात जास्त विरोधाचा रस्ता, म्हणून पाणी तिला बगल देतं. वेग निम्मा झाला तर कोएफिशियंट सुमारे ४३ टक्क्यांनी घसरतो, कारण तो वेगाच्या ०.८ घातानुसार बदलतो. म्हणून जॅकेटचं सीएफडी (पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन) स्वतंत्र करा, प्रत्येक सिलिंडरच्या पट्टीतला वेग काढा आणि चार किंवा सहा आकडे शेजारी शेजारी लिहा. तडे जाणारा सिलिंडर त्यात खालच्या नंबरावर असेल तर अर्धं काम झालं. गॅस्केट बदलताना दुसऱ्या मॉडेलचं, जवळपास तसंच दिसणारं बसवलं गेलंय का, हेही याच वेळी पाहा. भोकांचे आकार वेगळे असले की वाटणी बिघडते.

दुसरा मुद्दा उकळण्याचा. ५०-५० ग्लायकॉलचं कूलंट १ बार दाब धरणाऱ्या रेडिएटर कॅपखाली १३० अंशांच्या आसपास उकळतं. जॅकेटची भिंत पट्टीजवळ यापेक्षा गरम असतेच. तिथे बारीक बुडबुडे तयार होतात, सुटतात, आणि भिंतीची भरपूर उष्णता घेऊन जातात. हे चांगलं आहे, डिझाइन त्यावर विसंबलेलंही असतं. मॉडेलमध्ये उकळणं धरलंच नाही तर पट्टी खऱ्यापेक्षा गरम दिसेल; उकळण्यासाठी चेन या संशोधकाचं १९६६ चं सूत्र किंवा त्याच्या सुधारित आवृत्त्या घाला. पण उलट चूक जास्त घातक. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली किंवा वेग फार कमी झाला की बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेची चादर बनते आणि भिंतीचं तापमान एकदम उसळतं. साधी सूत्रं ही कडा दाखवत नाहीत, ती आनंदाने उष्णता नेत राहतात. म्हणून भिंतीचं तापमान उकळबिंदूच्या किती वर आहे त्याचा नकाशा काढा आणि वीस-तीस अंशांपलीकडची जागा संशयित धरा. रेडिएटर कॅपची स्प्रिंग थकलेली असेल तर दाब टिकत नाही, उकळबिंदू उतरतो आणि हीच कडा जवळ येते. एवढ्याशा कॅपकडे कोणी बघत नाही.

तिसरा, क्षाराचा थर. कॅल्शियमच्या थराची उष्णता वाहकता फार तर १ ते २ वॅट प्रति मीटर प्रति अंश, कास्ट आयर्नची ४५-५०. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला १.५ धरा आणि जॅकेटच्या भिंतीतून प्रति चौरस मीटर ०.३ मेगावॅट उष्णता जाते असं समजा: फक्त थरामुळे भिंत १०० अंशांनी जास्त तापते. नवं हेड काही महिने का टिकतं आणि मग का तडकतं, याचं हे एक सरळ उत्तर आहे. नवं हेड स्वच्छ असतं. मॉडेलमध्ये थर म्हणून वेगळी मेश (हिशोबासाठी पाडलेल्या बारीक तुकड्यांची जाळी) करायची गरज नाही, भिंतीवर तेवढा औष्णिक विरोध दिला की झालं. जुन्या हेडच्या कापलेल्या तुकड्यावर थराची जाडी मोजा आणि तोच आकडा घाला.

आकडे खरे आहेत का

दोन पडताळण्या केल्याशिवाय मी नकाशावर विश्वास ठेवत नाही. पहिली, उष्णतेचा ताळा. मॉडेलमधून कूलंटकडे जाणारी एकूण उष्णता काढा. प्रत्यक्ष इंजिनावर कूलंटचा प्रवाह आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक मोजा. सेकंदाला ३ किलो प्रवाह, ३.६ किलोज्यूल विशिष्ट उष्णता आणि ६ अंशांचा फरक म्हणजे सुमारे ६५ किलोवॅट. यातून ऑइल कूलरचा वाटा वजा करा. मॉडेल ४० सांगत असेल तर रंग कितीही सुंदर असोत, थांबा. सीएफडीवरून एफईएच्या (धातूतलं तापमान आणि ताण काढणाऱ्या हिशोबाच्या) मेशवर आकडे उतरवतानाही उष्णता हरवते, म्हणून दोन्हीकडची बेरीज ताडा.

दुसरी, धातूच्या आत राहिलेली खूण. टेंपप्लग म्हणजे खास स्टीलचे बारीक स्क्रू. ते पट्टीजवळ बसवून इंजिन ठरावीक वेळ पूर्ण लोडवर चालवायचं, काढायचे आणि त्यांचा कडकपणा मोजून तापमान काढायचं. ती सोय नसेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनचा तुकडासुद्धा बोलतो: वापरात तो जिथे जास्त तापला तिथे त्याचा कडकपणा कायमचा उतरलेला असतो. कापलेल्या पिस्टनवर ब्रिनेल (कडकपणाच्या) मोजण्या घेतल्या की कुठे जास्त ताप होता त्याचा नकाशा मिळतो.

मेशबद्दल थोडक्यात: पट्टीच्या जाडीत निदान चार-पाच एलिमेंट (मेशचे तुकडे), द्वितीय क्रमाचे. एवढं पाळलं तर मेशमुळे उत्तर बिघडल्याची उदाहरणं कमी. बाउंडरी कंडिशनमुळे बिघडल्याची रग्गड.

मग प्रत्येक गृहीत आकडा २० टक्क्यांनी वरखाली करा आणि तड्याच्या जागची विकृती किती हलते ते टिपा. ज्या आकड्याने ती हलतच नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. जो आकडा तिला सगळ्यात जास्त हलवतो, तोच प्रत्यक्षात मोजायचा.

पिस्टन करपत असेल तर

पिस्टनचा खेळ थोडा वेगळा आहे, कारण त्याला थंड करणारं पाणी नसतं, तेल असतं. मुकुटाच्या (पिस्टनच्या माथ्याच्या) आतल्या गॅलरीत, म्हणजे पोकळ वाटेत, तेल अर्धवट भरलेलं असतं आणि पिस्टन वरखाली होताना ते अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्या पाण्यासारखं आपटत राहतं. त्या आपटण्यावरच सगळं कूलिंग अवलंबून असतं. गॅलरी पूर्ण भरली तर उलट आपटणं कमी होतं. तेल फेकणारं जेट वाकलं किंवा अर्धवट तुंबलं की गॅलरीत तेल पोचत नाही. मॉडेलमध्ये गॅलरीचा कोएफिशियंट निम्मा करून पाहा: वरच्या रिंगच्या खाचेचं तापमान तेल कोळसा व्हायच्या पट्ट्यात गेलं आणि प्रत्यक्षातही खाचेत कार्बन घट्ट बसलेला सापडला, तर जेट तपासा.

मुकुटावर फवाऱ्यांच्या ओळीत भाजल्याच्या खुणा असतील तर मात्र दोष इंजेक्टरकडे आहे. नोझल ठिबकतंय, किंवा खाली एकाऐवजी दोन वॉशर लागलेत आणि टोक वर सरकून फवारा बाऊलच्या (मुकुटातल्या खळग्याच्या) काठाला चाटतोय. यासाठी संपूर्ण ज्वलनाचं सिम्युलेशन करण्याआधी वॉशर मोजा. बाऊलच्या काठाला गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दिशेने तडे असतील तर पुन्हा वर सांगितलेली तापणं-थंड होण्याची कहाणी, फक्त इथे ज्वलनाच्या दाबाने पिस्टन पिनवर वाकतो त्याची भर पडते.

उपाय आधी मॉडेलवर मोडून बघा

काही उपाय दिसायला बरोबर आणि प्रत्यक्षात उलटे असतात. हेडचं छत जाड केलं तर दाबाला बळकट होतं, पण ज्वालेची बाजू जास्त तापते आणि औष्णिक विकृती वाढते. ग्रे आयर्नऐवजी व्हर्मिक्युलर आयर्न घेतलं तर ताकद वाढते, वाहकता मात्र ३५ च्या आसपास उतरते आणि पट्टी आणखी गरम होते. फायदा होईल की तोटा, ते दोन्ही बाजू हिशोबात धरल्याशिवाय कळत नाही. पट्टीत बारीक खाच घेऊन तिला फुगायला जागा देणं काही हेडमध्ये केलेलं असतं, आणि तडा ज्वालेच्या बाजूचा असेल तर ते काम करतं, पण खाचेच्या तळाला नवा तडा सुरू होणार नाही हे आधी मॉडेलमध्ये बघा. बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त उपाय गॅस्केटमध्ये असतो: एखादं भोक लहान करून पाणी पट्टीकडे वळवणं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो ‘इलाज’ सगळीकडे करतात, त्याबद्दल एकदा स्पष्ट सांगतो. इंजिन थंड चालतं हे खरं, पण हलक्या लोडला पाणी फार थंड राहतं आणि लोड आला की तापमानाची उडी मोठी होते. तडा उडीमुळे जातो. शिवाय ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की पाणी रेडिएटरला चुकवून परत फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

चालवण्याच्या बाजूने एक बदल मॉडेलमध्ये घालून पाहण्यासारखा आहे: पूर्ण लोडवरून इंजिन एकदम बंद करणं. पंप थांबतो, पट्टीतली उष्णता स्थिर पाण्यात उतरते आणि स्थानिक उकळणं होतं. बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं रिकाम्या गतीवर चालवलं तर तीच वेळ मॉडेलमध्ये देऊन पट्टीतल्या विकृतीची तुलना करा. कामाच्या दिवसात इंजिन किती वेळा बंद-चालू होतं, तो आकडा चालकाकडून घ्या आणि दर फेऱ्याच्या विकृतीवरून निघालेल्या फेऱ्यांतल्या आयुष्याला त्याने भागा, म्हणजे किती दिवस मिळतील ते कळतं. दोन इंजिनं एकाच मॉडेलची, एक सलग जनरेटरवर आणि दुसरं दिवसभर चालू-बंद होणाऱ्या यंत्रावर असेल, तर तास सारखे असूनही दुसऱ्याचं हेड आधी तडकतं. अहवालात आयुष्य तासांत न लिहिता फेऱ्यांत लिहा.